सही डॉक्टरची, खटला फेडरल

रातपाळी
गेल्या महिन्यातली गोष्ट, अमेरिकेतल्या ओहायोतली. शुक्रवारी संध्याकाळी क्लिनिक बंद करायच्या वेळेला एक बाई आल्या. पाठीच्या तीन शस्त्रक्रिया झालेल्या, हातात ऑक्सिकोडोनची, म्हणजे सवय लावणाऱ्या अफूवर्गीय वेदनाशामकाची बाटली, तळाशी चार गोळ्या. त्या जायच्या ते पेन क्लिनिक फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, धाडीनंतर बंद पडलेलं. चार ठिकाणी फोन केले, कुणी घेईना. मी तपासलं, राज्याच्या डेटाबेसमध्ये जुन्या गोळ्यांची नोंद पाहिली. सगळं सरळ होतं. तरी चिठ्ठी फार्मसीला पाठवताना माउसवरचा हात पाच मिनिटं हलेना. शेवटी सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या.

ही खटल्याची भीती कुठून आली? 2016 मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने, सल्ला दिला, की अशा गोळ्यांच्या बाबतीत दिवसाला 90 मिलिग्रॅम मॉर्फिनएवढ्या डोसच्या वर जाणं शक्यतो टाळा. विमा कंपन्या, राज्यं आणि तपास अधिकाऱ्यांनी त्या सल्ल्याची लक्ष्मणरेषा करून टाकली. 2022 मध्ये सीडीसीनेच तो सुधारला, पण तोवर कित्येकांच्या गोळ्या एका झटक्यात तुटल्या होत्या. माझं म्हणणं एवढंच: डॉक्टर चुकला तर परवाना काढून घेणारं मेडिकल बोर्ड आहे, दिवाणी कोर्ट आहे. वैद्यकीय मतभेदासाठी तुरुंग कशाला?

हिशेबनीस
चौदा वर्षं न्यू जर्सीत मेडिकल बिलिंग करतेय, त्यामुळे डोळ्यांत पाणी वगैरे येत नाही. एक नमुना सांगते. नर्स प्रॅक्टिशनरने (पेशंट तपासायची परवानगी असलेल्या नर्सने) पेशंट पाहिला तर मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, डॉक्टरच्या दराच्या 85 टक्के देतं. तीच भेट डॉक्टरच्या देखरेखीखाली झाली असं दाखवलं की पूर्ण 100. माझ्या एका जुन्या नोकरीत डॉक्टरसाहेब भाच्याच्या लग्नाला गोव्यात, आणि इकडे दिवसभर बिलं त्यांच्या नावाने. मी विचारलं तर उत्तर, "सगळेच करतात."

आणि मिशिगनचा कॅन्सर डॉक्टर फरीद फाता आठवा. ज्यांना गरज नव्हती, काहींना तर कॅन्सरच नव्हता, त्यांना केमो दिला. 553 पेशंट. 2015 मध्ये 45 वर्षांची शिक्षा झाली. प्रॅक्टिसच्या व्यवस्थापकाने तोंड उघडलं म्हणून सापडला. बोर्डाच्या भरवशावर बसलो असतो तर?

रातपाळी
फाताला फासावर द्या, मी दोरी आणतो. पण तो चोर आहे आणि मी वेदनेच्या औषधांबद्दल बोलतोय. दोन्ही एकाच पोत्यात का भरता?

कलम_बहाद्दर
पोतं सरकारनेच एक केलंय. चिठ्ठी बेकायदा ठरली, की त्या औषधाचं मेडिकेअरला गेलेलं बिलही खोटं ठरतं. एकाच आरोपपत्रात दोन्ही कलमं.

मात्र दोन्हींची मोजपट्टी वेगळी. चिठ्ठीच्या फौजदारी खटल्यात डॉ. रुआन यांच्या प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा 2022 चा निकाल महत्त्वाचा. चिठ्ठी अनधिकृत आहे हे डॉक्टरला माहीत होतं किंवा त्याने ती मुद्दाम तशी दिली, हे सरकारने सिद्ध करायचं. 'चांगला डॉक्टर असं करत नाही' एवढं पुरत नाही. रातपाळींची बाजू सुप्रीम कोर्टाने बरीचशी उचलून धरली आहे.

बिलांचं तसं नाही. सरकारकडे खोटी बिलं लावण्याविरुद्धचा फॉल्स क्लेम्स कायदा लिंकनच्या काळातला, 1863 चा. लष्कराला सडका माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला. तिथे बेफिकिरीही पुरते. नुकसानीच्या तिप्पट भरपाई, वर दर बिलामागे 14,000 डॉलरच्या पुढे दंड. शंभर डॉलरच्या बिलाचं काय होतं ते मांडून बघा.

हिशेबनीस
अर्धीच गोष्ट सांगितलीत. रुआन काही संत नव्हे. अलाबामात मोबाईल नावाच्या शहरात क्लिनिकही त्याचं आणि फार्मसीतही त्याचा वाटा. इन्सिस या औषध कंपनीच्या फेंटानिल (अतितीव्र वेदनाशामक) स्प्रेसाठी पैसे घेतल्याचाही आरोप सिद्ध झाला होता. त्या कंपनीचा संस्थापक जॉन कपूर मूळचा अमृतसरचा, 2020 मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा. व्याख्यानाचं मानधन म्हणून डॉक्टरांना पैसे चारले जात होते. 'मतभेद' हा शब्द इथे फार साजूक वाटतो.

आजीचा_नातू
सोलापूरहून लिहितोय. 2009 मध्ये आजीचा कॅन्सर हाडांत गेला. गावात मॉर्फिन कुणी ठेवायलाच तयार नाही, 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याची धास्ती. परवान्यांचं जंजाळ 2014 च्या दुरुस्तीने सुटसुटीत झालं, आजी त्याआधीच गेली. रात्रभर कण्हायची आणि आम्ही पॅरासिटामॉल देत बसायचो. हिशेबनीसताई, चोर पकडायला लावलेल्या जाळ्यात कोण कोण अडकतं, तेही मोजा.

हिशेबनीस
वाचून वाईट वाटलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण इथे अमेरिकेत उलटं झालं होतं हो, गोळ्या खिरापतीसारख्या वाटल्या गेल्या आणि त्यात घरंच्या घरं गेली.

कलम_बहाद्दर
अवांतर, पण आपल्या लोकांसाठी गरजेचं. फेडरल तपास एजंट बहुतेकदा दोघं येतात, तेही घरी. एक बोलतो, दुसरा लिहितो. आपला माणूस काय करतो? "या, बसा, चहा घेणार?" आणि तासभर गप्पा. त्यात एक गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली की तो स्वतंत्र गुन्हा, पाच वर्षांपर्यंत. नम्रपणे कार्ड घ्या, वकील फोन करेल म्हणा, दार लावा. आणि समन्स आल्यावर जुन्या नोंदी 'नीट' करायला बसू नका. त्याला वीस वर्षांपर्यंत आहे. मूळ आरोपातून सुटलेला माणूस यात अडकतो. ग्रीन कार्डवाल्यांनी तर आणखी जपावं. दहा हजार डॉलरच्या वरची फसवणूक सिद्ध झाली की देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते.

रातपाळी
चहाचं वाचून हसलो, कारण मी नक्की विचारला असता.

त्या बाई पुढच्या शुक्रवारी पुन्हा आल्या. आता माझ्याच पेशंट. लघवीची तपासणी केली, लेखी करार केला, डोस हळूहळू उतरवायचं ठरलं. माझं मत बदललेलं नाही. ओळखीच्या तीन डॉक्टरांनी असे पेशंट घेणं बंद केलंय आणि त्यांच्यावर कुठलाही खटला नव्हता.

हिशेबनीस
दुसऱ्या भेटीला बिलाचा कोड कुठला लावलात?

रातपाळी
99214. तीस मिनिटं पुरी, घड्याळ बघून. नोंद त्याच रात्री पूर्ण केली.

हिशेबनीस
त्याच रात्री ना? मग झोपा निवांत.