बाळाच्या पाठीवरचे निळे डाग आणि सोशल सर्व्हिसेसचा फोन (इंग्लंड)

खारीबिस्किट:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांपलीकडे फिरकत नाही. पण काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि इथे विचारण्याजोगं दुसरं कोणी नाही.

आम्ही तीन वर्षं इंग्लंडमध्ये आहोत, नवऱ्याच्या वर्क व्हिसावर. मुलगी इथेच झाली, आता सात महिन्यांची आहे, पासपोर्ट भारतीय. अजून रांगत नाही, नुसती पोटावर गोल फिरते. मी सोमवारी कामावर रुजू झाले आणि तिला नर्सरीत घातलं. काल तिसरा दिवस. दुपारी तीनला फोन आला की डायपर बदलताना कमरेवर आणि कुल्ल्यांवर निळसर डाग दिसले, आम्ही नोंद केली आहे आणि पुढे कळवलं आहे. मी म्हटलं, अहो, ते जन्मापासून आहेत! पलीकडची बाई म्हणाली, असतीलही, पण आम्हाला कळवावंच लागतं.

संध्याकाळी काउन्सिलमधून, म्हणजे इथल्या पालिकेतून, सोशल वर्करचा फोन. उद्या सकाळी ती घरी येणार, दुपारी हॉस्पिटलमध्ये बालरोगतज्ज्ञ बाळाला तपासणार. 'सेक्शन ४७' असं दोनदा म्हणाली. मी घाबरून सगळ्याला हो हो म्हणत गेले.

डाग दोन आहेत. एक रुपयाएवढा, दुसरा माझ्या तळहाताएवढा, कडा पुसट. सासूबाई होत्या तेव्हा रोज तेल लावताना म्हणायच्या, "अगं, माझ्या लेकालाही अस्सेच होते." त्या गेल्या महिन्यात सांगलीला परत गेल्या. त्यांना सांगून चूक केली. काल रात्रीपासून नॉर्वे नि जर्मनीच्या बातम्या पाठवतायत. नवऱ्याने शनिवारचं हीथ्रो-मुंबई तिकीट उघडून ठेवलंय, फक्त पैसे भरायचे बाकी आहेत.

उद्या ती सोशल वर्कर घरातून बाळाला उचलून नेऊ शकते का? आम्ही निघून जावं का?

धाकटी_पाती:

ताई, निघा. २०११ साली नॉर्वेत स्टॅव्हेंजरला एका भारतीय जोडप्याची दोन्ही मुलं नेली होती. हाताने भरवतो, बाळाला शेजारी झोपवतो, एवढ्यावरून नेली असं आईवडील सांगत होते. दिल्लीपर्यंत प्रकरण गेलं तेव्हा २०१२ मध्ये मुलं काकाच्या ताब्यात देऊन भारतात आली. बर्लिनमध्येही २०२१ साली एका भारतीय जोडप्याचं बाळ नेलं, ते प्रकरण तर सगळ्यांना माहीतच आहे. हे लोक आधी मूल नेतात आणि मग विचारतात.

निवृत्त_पण_जागी:

खारीबिस्किट, आधी ते तिकिटाचं पान बंद करा. बाकीचं मग वाचा.

मी मिडलँड्समध्ये एका काउन्सिलच्या मुलांच्या विभागात चोवीस वर्षं नोकरी केली. मूळची कोल्हापूरची. माझ्या खात्याची वकिली करायला आलेले नाही, त्यांची उणीदुणी मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. पण स्टॅव्हेंजर आणि बर्लिन इथे लावू नका. जर्मनीत युगेन्डआम्टला, म्हणजे तिथल्या बालकल्याण कार्यालयाला, तातडीच्या वेळी मूल आधी ताब्यात घेता येतं. पालकांनी हरकत घेतली तर मग कोर्टाकडे जावं लागतं. इंग्लंडमध्ये सोशल वर्करला स्वतःच्या हुकमाने मूल उचलण्याचा अधिकारच नाही. १९८९ चा चिल्ड्रन ॲक्ट आहे, त्यात मूल घरातून बाहेर जायच्या मुख्य वाटा तीन.

एक, पोलीस. मुलाला गंभीर इजा होईल असं मानायला सबळ कारण असेल तर पोलीस ७२ तासांपर्यंत मूल सुरक्षित जागी ठेवू शकतात. त्यालाच सेक्शन ४६ म्हणतात. दोन, कोर्ट. तातडीचा हुकूम जास्तीत जास्त ८ दिवसांचा, तो एकदाच आणखी ७ दिवस वाढवता येतो. त्यापुढे ठेवायचं तर काउन्सिलला अंतरिम केअर ऑर्डर मागावी लागते आणि ती द्यायची की नाही ते न्यायाधीश ठरवतात. तिथे तुम्हाला वकील मिळतो, सरकारी खर्चाने, पगार कितीही असो. बाळासाठी वेगळा वकील, शिवाय कोर्टात बाळाचं हित पाहायला कोर्टानेच नेमलेला गार्डियन.

तिसरी वाट आपले लोक स्वतः उघडून देतात. सही. सेक्शन २० म्हणजे आईवडिलांनी आपणहून मूल काउन्सिलकडे ठेवायला दिलेली संमती. मी एका बापाला रात्री अकरा वाजता वॉर्डाच्या बाहेर असा कागद सही करताना पाहिलंय. त्याला वाटलं डिस्चार्जचा कागद आहे. तो माझ्याच सहकाऱ्याने पुढे केला होता आणि मी गप्प उभी होते. असो. ही संमती द्यायची सक्ती नसते आणि दिली तरी केव्हाही मागे घेता येते. उद्या कोणी काही सही करायला सांगितलं तर एवढंच म्हणा: "वाचते, वकिलाला दाखवते, मग सांगते." आवाज चढवू नका. फॅमिली राइट्स ग्रुप म्हणून संस्था आहे, त्यांची सल्ल्याची फोनलाइन फुकट आहे. सकाळी तिथे लावून पाहा.

सेक्शन ४७ म्हणजे नुसती चौकशी. जी मुलं अजून रांगत नाहीत त्यांच्या अंगावर वळ किंवा डाग दिसला तर इथे तो गंभीरच धरतात, कारण न हलणाऱ्या बाळाला सहसा मार लागत नाही. नर्सरीवाल्या बाईने नियम पाळला, तिच्यावर राग धरू नका. तुमच्या वर्णनावरून तरी ते मंगोलियन स्पॉट, म्हणजे जन्मजात निरुपद्रवी डाग, वाटतात, हल्ली ब्लू-ग्रे स्पॉट म्हणतात. आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असतात आणि बहुतेकांचे चार वर्षांच्या आत पुसट होत जातात. पण मी डॉक्टर नाही, ते उद्या डॉक्टरच सांगतील.

आता कामाचं बोलू. रेड बुक, म्हणजे बाळाच्या तब्येतीच्या नोंदींची वही, काढा. जन्मानंतर मिडवाइफने किंवा घरी येणाऱ्या नर्सने, म्हणजे हेल्थ व्हिजिटरने, शरीराच्या आकृतीवर डाग काढून ठेवले आहेत का बघा. नसतील तर फोनमधले जुने फोटो शोधा, तारखेसकट. वळ असेल तर आठवड्याभरात हिरवा-पिवळा होतो, हा डाग महिनोन् महिने तसाच राहतो. तारीख असलेला एक फोटो इथे दहा खुलाशांना भारी आहे.

आणि तिकीट का नको? चौकशी चालू असताना सात महिन्यांचं बाळ घेऊन देश सोडायला निघालात, तर उद्यापर्यंत साध्या असलेल्या गोष्टीत तुम्हीच त्यांना "तातडी" हा शब्द हातात द्याल. तो शब्द त्यांना पोलिसांकडे आणि कोर्टाकडे जायला पुरतो.

धाकटी_पाती:

म्हणजे मुलांना एक चापटसुद्धा मारायची नाही का तिकडे? आमच्या लहानपणी तर...

निवृत्त_पण_जागी:

स्कॉटलंडमध्ये २०२० पासून नाही, वेल्समध्ये २०२२ पासून नाही. पण हा त्या बाईंच्या बाळाचा धागा आहे, तुमच्या लहानपणाचा वेगळा काढा.

खारीबिस्किट:

आले परत. सगळं एकदम लिहिते, हात अजून थरथरतोय.

तिकीट काढलं नाही. नवरा रात्री बारापर्यंत हो-नाही करत होता, मग लॅपटॉप बंद केला.

रेड बुकमधलं आकृतीचं पान कोरं! माझ्या पोटात गोळा आला. फोटो शोधायला बसलो तर सगळे तोंडाचेच. सासूबाईंच्या मांडीवर, झबल्यात, टोपड्यात. पाठीचा एकही नाही. रात्री दीडला आठवलं की अकराव्या दिवशी सासूबाईंनी पायांवर घेऊन पहिली नीट अंघोळ घातली, तेव्हा नवऱ्याने सांगलीला पाठवायला व्हिडिओ काढला होता. इथून तो डिलीट झालेला. सासूबाईंना फोन लावला, तिकडे सकाळचे सहा. त्यांच्या फोनमध्ये होता. त्या काही डिलीट करत नाहीत, गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा. पालथी घालून पाठीवर पाणी ओततात तिथे तो तळहाताएवढा डाग स्वच्छ दिसतो, तारखेसकट.

सोशल वर्कर पावणेदहाला आली. ओळखपत्र दाखवलं. बाळ कुठे झोपतं ते पाहिलं, फ्रिज उघडून पाहिला, आम्हा दोघांशी वेगवेगळं बोलली. दुभाषी हवा का विचारलं. सहीचा कागद एकच होता, वैद्यकीय तपासणीच्या संमतीचा. मी तो वाचायला दहा मिनिटं घेतली आणि ती थांबली.

डॉक्टरने पाऊण तास लावला. कागदी पट्टीने डाग मोजले, दाबून पाहिले, सगळे हातपाय हलवून पाहिले, फोटो काढले, व्हिडिओ दोनदा पाहिला. एक्स-रेची गरज नाही म्हणाले. आणि रेड बुकमधल्या त्या कोऱ्या आकृतीवर स्वतः दोन गोल काढून खाली सही केली. ते पाहून मला रडू आलं, आधी नाही आलं.

सोशल वर्कर म्हणाली पुढे काही करायचं नाही, तसं पत्र येईल. निवृत्तताई, तुमचे आभार कसे मानू? एकच विचारायचं राहिलं. दिवाळीला सांगलीला जायचं ठरलं आहे. पत्र यायच्या आत तिकीट काढलं तर चालेल?

निवृत्त_पण_जागी:

आभार सासूबाईंचे माना. त्या पानाची एक प्रत नर्सरीत द्या, एक जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाहीतर नर्सरी बदललीत की पुन्हा हाच फोन. तिकिटाबद्दल सोशल वर्करला मेल करा. जायची तारीख, यायची तारीख, परतीचं तिकीट जोडून. आणि बिनधास्त जा. कोल्हापूरवरून जाणार असाल तर माझ्यासाठी पाव किलो कांदा-लसूण चटणी.