कॅनडाच्या पीआरच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) खर्चाचा हिशेब: तुमचा कुठे चुकला?

जुळे_सोलापूरकर
गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला घरी आलोय. काल आईचं कपाट आवरताना एक दोनशे पानी वही सापडली. वर माझ्याच अक्षरात 'कॅनडा २०२४'. सरकारी फीचा हिशेब अगदी बरोबर होता. आम्हा दोघांचे प्रत्येकी १,५२५ कॅनेडियन डॉलर (९५० प्रोसेसिंगचे, ५७५ कायम राहण्याच्या हक्काचे), लेकीचे २६०, बायोमेट्रिक्सचे घरटी १७०. एकूण ३,४८०. तेव्हाच्या ६१ रुपयांनी २ लाख १२ हजार.
मागच्या पानावर बायकोनं पेन्सिलीनं लिहिलंय: हुतात्मा एक्सप्रेस ४ वेळा, पुण्यात रिक्षा, मेडिकलच्या दिवशी लेक रडली म्हणून चिक्की १० रु. वाचताना गळा दाटून आला. भांडणं झाली ती मात्र दाखवायच्या पैशावरून. तिघांना तेव्हा २२,४८३ डॉलर, म्हणजे पावणेचौदा लाख. सहा महिने खात्यात ठेवायचे आणि हात लावायचा नाही. त्याच उन्हाळ्यात वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं, ते अजून मनाला लागतं.
ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. आमच्या गल्लीतली दोन पोरं आता तयारीत आहेत.

अक्कलकोट_रोड
सोनं चालत नाही ओ! आमचे वडील म्हणत होते, वीस तोळे आहे, तेच दाखव. घराची किंमतही धरत नाहीत, आणि उसने आणून दाखवणं तर नाहीच. शेवटी त्यांनी चारातले दोन यंत्रमाग विकले. पैसे एकदम खात्यात आले, मग त्याचा खुलासा: बक्षीसपत्र, माग विकल्याची पावती, त्यांच्या खात्याचा उतारा. परवा शेडमध्ये गेलो होतो. जिथं माग होते तिथं फरशीवर तेलाचे दोन काळे चौकोन आहेत अजून. आई रोज झाडते, जात नाहीत.

शेंगाचटणी
बक्षीसपत्र नोटरी केलं का?

अक्कलकोट_रोड
हो, नोटरी केलं. आणि वडिलांचा पॅन जोडला.

कोल्हापूरची_वारी
माझी डिग्री २००२ची. सोलापूर विद्यापीठ २००४ला झालं, त्यामुळे माझं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या मार्कांचा विद्यापीठाचा उतारा) कोल्हापूरहून, शिवाजी विद्यापीठातून. बायकोची डिग्री २००७ची, तिचं इथंच झालं. मला तीन चकरा. पहिल्यांदा एका सेमिस्टरची मार्कशीट घरी राहिली. फी किरकोळ होती, पण एसटी, जेवण, बुडालेली रजा धरली की मोठा आकडा होतो. शिवाय एका एजंटला ६० हजार दिले होते. त्यानं जो फॉर्म भरला तो मी नंतर स्वतः दुरुस्त केला.

रात्रपाळी
मुलाला झोपवतेय, थोडक्यात लिहिते. आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) दोनदा, दर वेळी १७ हजार. निकाल दोनच वर्षं चालतो. कॅनडाकडून आमचं अर्ज भरायचं आमंत्रण येईपर्यंत यजमानांचा संपत आला होता. आमंत्रणानंतर ६० दिवसांत सगळं भरायचं असतं, त्यामुळे ऐनवेळी परत परीक्षा द्यायला जीव नसतो. आणि तिशीनंतर दर वाढदिवसाला निवडीचे गुण कमी होतात, हे कुणी आधी सांगतच नाही.

सात_रस्ता
@जुळे_सोलापूरकर, ते ३,४८० कार्डानं भरले का? आमच्या बँकेनं ३.५ टक्के लावले, वर त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. तुमच्या आकड्यावर पावणेनऊ हजार होतात. हा रकाना वहीत नसेल तर घाला. आणि त्या पोरांना सांगा, ऑगस्ट २०२५ पासून मेडिकल अर्जासोबतच द्यावं लागतं. म्हणजे तो खर्च आधीच करावा लागतो.

जुळे_सोलापूरकर
कार्डानंच भरले. रकाना नव्हता. आजच लिहितो.

शेंगाचटणी
विषय वेगळा आहे, पण चटणी नेताना डब्याला टेप लावा. माझ्या बहिणीच्या सगळ्या साड्यांना तेल लागलं.

वांगी_भाकरी
आमचा नकार आला होता. ५७५ परत मिळाले, ९५० गेले. बँकेच्या पत्रात घरकर्जाची बाकी लिहायची राहिली होती. मॅनेजर साहेब चांगले होते, त्यांनी त्यांच्या नेहमीच्या नमुन्यातलं पत्र दिलं, आणि मी वाचून बघितलं नाही. खाती, शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि कर्ज, हे सगळं त्या पत्रात हवं. दुसऱ्यांदा भरायला परत पैसे साठवतोय.

रात्रपाळी
दादा, वाईट वाटलं. कर्ज असलं म्हणून अडत नाही, ते लपलं की अडतं. यंदा होईल. पत्राचा मजकूर माझ्याकडं आहे, पाठवते.

वांगी_भाकरी
पाठवा ताई. उद्या बँकेतच जायचंय.

अक्कलकोट_रोड
पोलीस क्लिअरन्सचे ५०० धरा. @जुळे_सोलापूरकर, वडिलांच्या डोळ्याचं झालं का मग?

जुळे_सोलापूरकर
एका डोळ्याचं झालं. दुसऱ्याचं मंगळवारी आहे, म्हणून तिकीट पुढं ढकललंय.