मदत हवी आहे: दापोलीजवळ डोंगरउतारावर लाकडी घर

नमस्कार मंडळी. दापोलीजवळ खाडीच्या वर आमची थोडी जागा आहे, सुट्टीत राहण्यापुरतं लाकडी घर बांधायचंय. उतार चांगलाच उभा, दहा फूट पुढे गेलं की पाचेक फूट खाली.

गवंडी म्हणतो, डोंगर कापून सपाटी करा, जांभ्याची भिंत घाला. मला पटत नाही. वर जांभा असला तरी खाली पांढरट चिकणमाती लागते, ती आषाढात साबणासारखी होते. 2021 मध्ये महाडजवळच्या तळियेत दरड कोसळून जे झालं, त्यानंतर उतार कापायची छाती होत नाही. म्हणून काँक्रीटच्या खांबांवर घर उचलायचं, लाकूड जमिनीपासून दोन फूट वर, मध्ये लोखंडी प्लेट. वाळवी थांबेल असं नाही, पण चढताना दिसेल तरी.

अडलंय ते पाण्यावर. वरच्या अंगाला चर खणला तर पाणी सोडायचं कुठे? खाली शेजाऱ्यांची कलमं आहेत. आणि साग परवडत नाही. ऐन किंवा किंजळाचं लाकूड खाऱ्या वाऱ्यात, नैर्ऋत्येच्या झडीत बाहेरून टिकतं का? (वरून कौलंच, पत्रा नको. आवाजाने झोप लागत नाही.)

उतारावर प्रत्यक्ष काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर माहितीत असेल तर कृपया मेसेज करा.