अनुभव धागा: गोंगाट ऐकायला गेलो होतो

ओसाकाकर

परवा फोनवर आईने विचारलं, "शनिवारी काय केलंस?" मी म्हणालो, "गाणं ऐकायला गेलो होतो," आणि जीभ चावली. गाणं कुठलं? सूर नव्हता, ठेका नव्हता, शब्द असले तर कळत नव्हते. एक माणूस गुडघ्यांवर बसून पत्र्याला चिकटवलेला छोटा मायक्रोफोन दगडाने घासत होता. तो आवाज, आवाज बदलणाऱ्या दहा-बारा पेडलांमधून फाटत फाटत बाहेर पडत होता, आणि आम्ही तीसेक माणसं हाताची घडी घालून उभी होतो. पंचवीस मिनिटं झाली. त्याने प्लग उपटला, कमरेत वाकला आणि अगदी बारीक आवाजात आभार मानले.

याला नॉइज म्हणतात आणि इकडचा भाग, जपानातलं ओसाका-क्योतो, म्हणजे त्याचं एक माहेरच. हिजोकाइदान हा त्यातला आद्य गट १९७९ साली क्योतोत सुरू झाला. मी जातो ती जागा म्हणजे नांबा भागातलं 'बेअर्स', एक तळघर. पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनदा दारावरून पुढे निघून गेलो होतो. अशा जागांना इथे 'लाइव्ह हाउस' म्हणतात. दारात तिकीट, वर एका पेयाचे पाच-सहाशे येन सक्तीचे, मग तुम्ही चहा प्या नाहीतर बिअर. आणि अनेक ठिकाणी तिसरा प्रश्न येतो: "आज कोणाला बघायला आलात?" मला वाटलं, चौकशी चाललीय. नंतर कळलं की बऱ्याच लाइव्ह हाउसांत प्रत्येक बँडला ठरावीक तिकिटं खपवावी लागतात, कमी खपली तर फरक त्यांच्या खिशातून जातो. तुमच्या उत्तराची रेघ त्या बँडच्या नावापुढे पडते. मी आता आधी कागदाकडे डोकावतो आणि ज्यांच्यापुढे एकही रेघ नाही त्यांचं नाव सांगतो.

तुम्ही कधी अशा जागी गेला असाल, नॉइज, यंत्रांच्या आवाजांचं इंडस्ट्रियल, काहीही, तर लिहा. अर्ध्यात उठून आला असाल तर ते आधी लिहा. फक्त 'याला संगीत म्हणायचं का' हे भांडण नको. ते १९१३ पासून चालू आहे. त्या वर्षी लुइजी रुसोलो नावाच्या इटालियन चित्रकाराने 'गोंगाटाची कला' असा जाहीरनामा काढला आणि पुढे गुरगुरणारी, खरखरणारी खोकी बनवून त्यांचे कार्यक्रमही केले.

पेठेतला

याला संगीत म्हणायचं का?

(क्षमस्व. हात शिवशिवले.)

डाल्स्टनची ताई

मी लंडनला डाल्स्टनमध्ये राहते. इथे 'कॅफे ओटो' आहे, २००८ पासून. ओटो म्हणजे जपानीत आवाज, हे तुम्हाला सांगायला नको. दिवसा खरंच कॅफे असतो, लोक लॅपटॉप उघडून बसलेले असतात. संध्याकाळी टेबलं सरकवतात आणि त्याच फरशीवर कार्यक्रम. रंगमंच म्हणावा असा उंचवटा नाही, त्यामुळे पुढच्या रांगेतल्याचा पाय कधी वाजवणाऱ्याच्या वायरीत अडकेल सांगता येत नाही.

मला धक्का बसला तो शांततेचा. आवाज सुरू असताना कोणी बोलणार नाही हे ठीक, बोलून ऐकू कोणाला जाणार? पण दोन सादरीकरणांच्या मधेही लोक फक्त कुजबुजत होते. सवाई गंधर्वला मागे बसून बटाटेवडा खात गप्पा मारणारी मी, मला ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या एका जागी फ्रान्सचा व्होमिर ऐकला. त्याच्या प्रकाराला 'हार्श नॉइज वॉल' म्हणतात. एकच करकरीत आवाज, न चढता, न उतरता, न बदलता. सुरू होण्याआधी काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या वाटल्या. डोक्यात घालायच्या! तो स्वतः घालून पाठमोरा उभा. मी घातली नाही. दमा आहे, आणि आमच्या आईने लहानपणी पिशवीशी खेळताना दिलेला धपाटा अजून आठवतो. पण डोळे मिटले. दहाएक मिनिटांनी त्या न बदलणाऱ्या आवाजात मला काय काय ऐकू यायला लागलं: पाऊस, मग कोणीतरी माझं नाव घेतंय असं, मग पुन्हा पाऊस. भिंत आहे तशीच होती, बदलत मी होते.

साउंडवाला सांगली

ताई, भिंत म्हणजे आमचा धंदा. तुम्ही लंडनला जाऊन भिंत ऐकली, आमच्याकडं मिरवणुकीत ट्रॅक्टरवर असती.

मी पंधरा वर्षं साउंड भाड्यानं देतो. मुंबईच्या एका दोस्तानं ओढून नेलं म्हणून एकदा गेलो. अंधेरीत कुठल्या तरी गाळ्यात होतं, पन्नास माणसं नसतील. गेल्या गेल्या सिस्टीम बघितली. दोन टॉप स्पीकर, बेससाठी एक पंधरा इंची सब, एवढंच. मनात म्हटलं, एवढ्यात काय होणार? आमचा वाढदिवसाचा सेटप यापेक्षा मोठा असतो.

मग पोरगी आली. विशीतली. मिक्सरची आउटपुटची वायर तिनं त्याच मिक्सरच्या इनपुटला लावली. मी उठून उभाच राहिलो. म्हटलं, चुकली, स्पीकरचा हॉर्न जाणार आता! दोस्तानं हाताला धरून बसवलं. तर ती गडीण त्या फीडबॅकच्या शिट्टीलाच वाजवत होती. जरा गेन वर, जरा हाय खाली, की शिट्टीची गुरगुर व्हायची, गुरगुरीचा ठेका व्हायचा. अहो, आमचा सगळा जन्म ती शिट्टी दाबण्यात गेला. एकदा शिट्टी वाजली की मंडळाचे कार्यकर्ते माइक सोडून आपल्यालाच धरायला येतात. आणि ही तिला गोंजारत होती, मांजराला कुरवाळावं तशी.

मधेच एमसीबी पडला. अंधार. कोणी ओरडलं नाही, शिव्या नाहीत. मालक टॉर्च घेऊन आला, सगळे गप उभे. लाइट आल्यावर ती म्हणाली, झालं माझं. टाळ्या.

घरी येऊन गोडाऊनमधल्या जुन्या मिक्सरवर करून बघितलं. जमत नाही. दिसतं तेवढं सोपं नाही ते.

ओसाकाकर

साउंडवाले दादा, दंडवत! त्याला 'नो-इनपुट मिक्सर' म्हणतात. तोशिमारू नाकामुरा यांनी तर कित्येक वर्षं तेच एक वाद्य म्हणून वाजवलंय. बाहेरून काहीही आत जात नाही, यंत्र स्वतःलाच ऐकत बसतं. पुन्हा कराल तेव्हा आवाज अगदी खालून सुरू करा, आणि चांगले स्पीकर लावू नका.

पेठेतला

ही सगळी परदेशी थेरं. आमच्याकडे ढोल आहे, ताशा आहे, पुरे आहे.

अहमदाबादी मराठी

परदेशी म्हणता, पण १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज बनवणारं यंत्र, आणून इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ उभा केला होता, आणि आपल्याच लोकांनी त्यावर टेपा केल्या. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर. त्या टेपा २०२३ मध्ये बाहेर आल्या. ऐकल्यात तर पेठेत राहूनही चालेल.

कानात शिट्टी

मी आनंदावर विरजण घालायला आलो नाहीये, पण घालतोच. बंगळुरात एका छोट्या खोलीतला कार्यक्रम, स्पीकरपासून चार फुटांवर चाळीस मिनिटं उभा होतो. कानात काही घातलं नव्हतं. बाहेर आलो तर जग कापसात गुंडाळलेलं. सकाळी कापूस गेला, शिट्टी राहिली. सहा वर्षं झाली. पंखा लावल्याशिवाय झोप लागत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते लिहून ठेवा. ८५ डेसिबल आठ तास चालतं. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. अशी उतरत १०० डेसिबलला ती पाऊण नाही, अर्धा नाही, पाव तास उरते. छोट्या खोलीत भिंती आवाज परत फेकतात आणि पळायला जागा नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मर्यादा सुचवली तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल. फोमचे बोळे चाळीस-पन्नास रुपयांना मिळतात. पिळून बारीक करा, कान वर ओढा, आत सरकवा, फुगेपर्यंत धरा. कापूस घालून उपयोग नाही. आणि पेठेतले काका, लक्ष्मी रोडवर ढोलाजवळ उभे राहतानाही घाला.

मी अजून जातो. मागे, दाराजवळ, बोळे घालून.

कोएन्जीतली सून

नवऱ्याच्या बदलीमुळे तोक्योत आले. कोएन्जीत घर मिळालं ते बाजार जवळ म्हणून, खाली काय चालतं ते माहीत नव्हतं. तिथे '२००००व्ही' नावाचं तळघर प्रसिद्ध होतं. २००९ च्या आगीनंतर ते दुसऱ्या जागी उघडलं. आता त्याचं नाव 'निमान देन्आत्सु', म्हणजे पुन्हा वीस हजार व्होल्टच, फक्त जपानीतून!

मला ओढ लागली ती इन्कपॅसिटंट्स या नॉइज गटामुळे. दोघेच. मिकावा बँकेत नोकरी करायचे आणि कोसाकाई सरकारी नोकरीत. दिसायला आपल्या स्टेट बँकेतल्या खिडकीमागचे काका. टेबलावर पेडलांचा आणि वायरींचा गुंता. सुरू झाले की अंगात आल्यासारखे थरथरतात, माइक तोंडात कोंबतात, टेबल हलायला लागतं. देवीच्या जागरणात एखाद्या बाईच्या अंगात येतं तेव्हा लहानपणी मी आजीच्या पदरामागे लपायचे, तेच आठवलं. फरक एवढाच की संपल्यावर काका रुमालाने घाम पुसून वायरी नीट गुंडाळून बॅगेत ठेवतात.

इथले जुने लोक हानातराश या गटाची गोष्ट सांगतात. ऑगस्ट १९८५, तोक्योतलं सुपरलॉफ्ट. येणाऱ्यांकडून आधी लिहून घेतलं होतं की काही झालं तर जबाबदारी त्यांची स्वतःची. मग यामात्सुका आय भिंतीतून थेट आत आला. कशावर बसून? जेसीबीवर! फोटो आहेत, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. 'जेसीबी की खुदाई' बघायला आपल्याकडे जमणारी गर्दी फुकटात असते, एवढं मात्र सासूबाईंना सांगितलं.

बर्लिन, सध्या

विद्यार्थी आहे. इथे प्रेंझलाउअर बेर्ग भागात 'आउसलांड' म्हणून छोटी जागा आहे. नावाचा अर्थ परदेश. व्हिसाच्या रांगेत दिवस काढून मी संध्याकाळी परदेश नावाच्या जागी जाऊन बसतो, तिथे घरी आल्यासारखं वाटतं. आठचा कार्यक्रम म्हणजे नऊ, हे जर्मनीत फक्त अशाच ठिकाणी.

आइन्श्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन हा गट इथलाच, १९८० चा. वाद्यं म्हणजे भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल. जानेवारी १९८४ मध्ये लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत ड्रिल, काँक्रीट मिक्सर घेऊन रंगमंचच फोडायला लागले, तेव्हा आयोजकांनी कार्यक्रम बंद पाडला. नावाचा अर्थ 'कोसळणाऱ्या नव्या इमारती'. हे पुण्यातल्या मित्राला सांगितलं तर म्हणाला, हे बँडचं नाव आहे की आमच्या बिल्डरचं?

कर्वेनगर प्रयोगशाळा

आम्ही जागा शोधून दमलो. दोन पबवाल्यांनी विचारलं, 'कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, करता का?' शेवटी मित्राच्या फ्लॅटमध्ये केलं. चौदा माणसं, चपलांचा ढीग दाराबाहेर, सत्यनारायण असल्यासारखा. पाट्याला पिझो, म्हणजे चकतीसारखा छोटा माइक, चिकटवला आणि वरवंटा ओढला. हेडफोनमध्ये तो आवाज ऐकाल तर डोंगर सरकतोय असं वाटेल. कुकरच्या शिट्टीवर तीन सेकंदांचा डिले लावला, म्हणजे तीच शिट्टी उशिराने पुन्हा. साडेनऊला बेल वाजली. खालचे गृहस्थ. "मिक्सर बंद करा हो, किती वेळ चटणी वाटताय?" मित्र म्हणाला, "काका, मिक्सरच आहे, पण दुसरा." दहाच्या आत संपवलं. रात्री दहानंतरचा नियम मोडून उगाच पोलीस कशाला?

पेठेतला

कर्वेनगरात कुठे? गेल्या महिन्यातला रविवार का? मी पेठ सोडून तीन वर्षं झाली, नाव बदलायचं राहिलंय. पुढच्या वेळी आधी सांगून करा, मी फरसाण घेऊन येईन. पण आवाज कमी.

लालबागची

सगळं वाचलं. लिहू की नको करत होते.

आमचे बाबा गिरणीत विणकाम खात्यात होते. शेकडो साचे, म्हणजे माग, एका छपराखाली. त्यांतून धोटा इकडून तिकडे धावायचा, बिघडला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, यायचा. तिथे बोलून उपयोग नसायचा. माणसं ओठ वाचायची, हातवारे करायची. बाबा घरीही तसेच, दोन बोटं वर केली की पाणी, मूठ फिरवली की दिवा बंद कर. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा असे बोलतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणीचा आवाज थांबला. आई सांगायची, त्यानंतर कित्येक रात्री बाबांना झोप लागेना. शांतता सहन होत नव्हती. कान तोवर अर्धे गेलेच होते.

काही वर्षांपूर्वी भाच्याने लोअर परळला एका कार्यक्रमाला नेलं. जुन्या गिरणीच्या आवारातला पब, वर लोखंडी कैच्या तशाच ठेवलेल्या, शोभेला. दारातच माझे पाय जड झाले. मालकांना तो जुना पत्रा चालतो, जुनी माणसं चालली नाहीत, असं काहीतरी मनात आलं. आत चाळीसेक पोरं. एका मुलाने लोखंडावर लोखंड आपटल्याचा तुकडा घेऊन फिरता ठेवला, वर दुसरा, वर तिसरा. भाचा सांगत होता, इंग्लंडात गिरण्या-कारखाने बंद पडत होते त्या काळात, १९७६ च्या सुमारास, 'थ्रॉबिंग ग्रिसल' वगैरे बँडनी याला इंडस्ट्रियल हे नाव दिलं. मला नाव नको होतं. मला तो आवाज माहीत होता. डबा द्यायला गेले की गेटपर्यंत यायचा, छातीत आधी, कानात नंतर.

मी फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी बाबांना ऐकवलं, काहीच न सांगता. त्यांनी कानातलं मशीन काढून ठेवलं, फोन हातात घेतला आणि कानाच्या मागच्या हाडावर दाबून धरला. डोळे मिटून ऐकत राहिले. मग डोकं हलवलं.

"धोटा अडकतोय याचा. जॉबरला हाक मार."