बेळगावच्या १९१६ च्या भाषणाबद्दल टिळकांना नेमकी शिक्षा काय झाली?

खानापूर_वाचक: वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी होमरूल (स्वराज्याच्या) चळवळीवर फलक लिहितोय. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना, इथपर्यंत ठीक. पण एका स्मरणिकेत "बेळगावच्या भाषणाबद्दल राजद्रोहाची शिक्षा" असं छापलंय, दुसरीत "निर्दोष सुटले". फलकावर काय लिहू? कलम कोणतं?

शहापूरकर: दोन्ही नको. शिक्षा झाली नाही, कारण तो शिक्षेचा खटलाच नव्हता. १८९७ (दीड वर्ष) आणि १९०८ (सहा वर्षं, मंडाले) हे दोन्ही खटले दंड संहितेच्या राजद्रोहाच्या कलमाखाली, म्हणजे १२४अ खाली, ज्यूरीपुढे चालले. १९१६ ला सरकारनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०८ लावलं. अमुक माणूस राजद्रोही मजकूर पसरवतोय असं मॅजिस्ट्रेटला पटलं, की वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येतो. ज्यूरी नाही. सरकारवर टीका, आणि निवाडा सरकारच्याच अधिकाऱ्याकडे!

भाषणं तीन: बेळगाव १ मे, नगर ३१ मे आणि १ जून. नोटीस २३ जुलैला, नेमक्या साठाव्या वाढदिवशी. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनं २०,००० चा जातमुचलका (स्वतःच्या सहीचा बाँड) आणि १०-१० हजारांचे दोन जामीनदार मागितले. टिळकांच्या बाजूनं बॅ. जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ ला मुंबई हायकोर्टानं (न्या. बॅचलर, न्या. शहा) हुकूम रद्द केला. फलकावर लिहा: "कलम १०८ खाली जामिनाचा हुकूम, हायकोर्टात रद्द."

टिळकवाडी_४: एक पुस्ती. "हायकोर्टानं भाषणस्वातंत्र्य मान्य केलं" असं मात्र लिहू नका. कोर्टानं भाषणं सलग वाचली, सुटी वाक्यं धरली नाहीत. बादशहा राहू द्या, कारभार नोकरशाहीच्या हातून लोकांकडे द्या, हा त्यांचा एकूण रोख राजद्रोहाचा नाही, एवढंच ठरलं. १२४अ जागेवरच राहिलं. १९२२ ला गांधीजींना त्याच कलमाखाली सहा वर्षं झाली. १९२४ च्या फेब्रुवारीत सुटले आणि डिसेंबरात आपल्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. टिळकांचा आणि गांधीजींचा असे दोन फलक शेजारी लावा, मुलांना दुवा आपोआप दिसेल.

खानापूर_वाचक: आभारी आहे सर. १०८ आता गेलं ना?

शहापूरकर: नाही हो. १९७३ च्या संहितेत ते कायम राहिलं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२७ आहे. मोर्चाच्या आधी कार्यकर्त्यांना येते ती नोटीस बहुधा शेजारच्या १२६ ची, शांतता राखण्याची. लोक गडबड करतात ती तिथेच: "सही करून मोकळं होऊ." नोटीस कन्नडमध्ये असेल तर जाणकाराकडून पूर्ण वाचून घ्या. कलम १३० प्रमाणे लेखी हुकुमात मिळालेल्या माहितीचा सारांश, बाँडची रक्कम, मुदत आणि जामीनदारांची संख्या हवी. सारांश नसेल तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर कार्यवाही बंद होते. लांबवायची तर मॅजिस्ट्रेटला खास कारणं लिहावी लागतात. रक्कमही परिस्थितीच्या मानानं अवाजवी चालत नाही.

आणि बाँड दिलाच तर तो पाळायचा. मोडला तर दंड तुमच्याइतकाच जामीनदाराच्याही खिशातून जातो, आणि तो बहुतेकदा गल्लीतलाच कुणी असतो.