सार्वजनिक जमिनीवरील सायनाइडची उपकरणे : २०२३ ची बंदी पुरेशी आहे का?

आयडाहोवासी (प्रश्न):
नोकरीनिमित्त आम्ही अमेरिकेतील आयडाहो राज्यात स्थायिक झालो आहोत. गावाला लागून असलेल्या केंद्र सरकारच्या माळरानावर कुत्र्याला घेऊन फिरायला जाणे हा इथे अनेकांचा परिपाठ आहे. मेंढ्यांवर हल्ला करणाऱ्या, कोल्ह्यासारख्या दिसणाऱ्या कायोटी या जंगली प्राण्यांसाठी अशा जमिनीवर सायनाइडची उपकरणे लावली जात आणि २०२३ मध्ये त्यांवर बंदी आली, असे वाचनात आले. हे उपकरण चालते कसे आणि आता निर्धास्त राहता येईल का? माझे आजोळ धनगरांच्या वाटेवरचे असल्याने मेंढपाळांची बाजूही समजून घ्यायची आहे.

माळकरी:
त्याचे नाव एम-४४. जमिनीत ठोकलेली नळी, तिच्यात दाबून बसवलेली स्प्रिंग, सोडियम सायनाइडच्या भुकटीची कुपी आणि जमिनीच्या किंचित वर राहणाऱ्या टोकाला चोपडलेले उग्र वासाचे आमिष, एवढीच रचना. प्राण्याने ते टोक दातांत धरून ओढले की स्प्रिंग सुटते, भुकटी तोंडात उडते, तिथल्या ओलाव्याने विषारी हायड्रोजन सायनाइड तयार होते आणि काही मिनिटांत प्राणी मरतो.

मार्च २०१७ मध्ये तुमच्याच राज्यातील पोकाटेलो येथे घरामागच्या टेकडीवर गेलेल्या १४ वर्षांच्या मुलाने पाण्याचा फवारा समजून अशा टोकाला हात लावला. तो वाचला, त्याचा कुत्रा मात्र त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेला. उपकरण केंद्रीय कृषी खात्याच्या ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ने लावलेले होते आणि आयडाहोतील सार्वजनिक जमिनींवर ती लावायची नाहीत, असे याच विभागाने काही महिन्यांपूर्वी ठरवले होते. म्हणूनच केवळ खात्याच्या आश्वासनावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

कायदा_वाचक:
माळकरींशी सहमत आहे. इतिहासही तेच सांगतो. फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या जमिनींवर भक्षक प्राण्यांसाठी विष वापरण्यास आदेशाने मनाई केली, १९७५ मध्ये फोर्ड यांनी ती सैल करून सायनाइडला वाट मोकळी केली आणि १९८२ मध्ये रेगन यांनी मूळ आदेशच मागे घेतला. नोव्हेंबर २०२३ ची बंदी केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’च्या सुमारे साडेचोवीस कोटी एकरांना, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक क्षेत्राला लागू झाली, परंतु तीही प्रशासकीय पातळीवरची होती, संसदेचा कायदा नव्हे. मार्च २०२४ च्या खर्चविधेयकाने ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’ला ही उपकरणे वापरण्यास मनाई केली, पण अशी तरतूद त्या त्या आर्थिक वर्षापुरतीच असते. याउलट कॅलिफोर्निया (१९९८) आणि वॉशिंग्टन (२०००) या राज्यांत मतदारांनी, तर ऑरेगनमध्ये २०१९ साली विधिमंडळाने केलेली बंदी अधिक भक्कम आहे.

मेंढवाडा:
मेंढपाळांचे नुकसान खरे आहे. विण्याच्या हंगामात कोकरे गमावलेल्या माणसाला कुणी वन्यजीवप्रेमाचे धडे देऊ नयेत. पण आमिष ओढणारा प्राणी कोकरू नेणाराच असेल, याची कुठलीही खात्री हे उपकरण देत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑरेगनमध्ये रेडिओ कॉलर लावलेला लांडगा कायोटींसाठी लावलेल्या एम-४४ ने मेला. त्यापेक्षा राखणीसाठी ग्रेट पिरनीजसारखी दांडगी कुत्री पाळणे, रात्री कळप कोंडणे आणि मेंढ्या विताना त्यांना उघड्यावर न ठेवणे या उपायांसाठी सरकारने पैसा द्यावा. आपल्या वाघरी (मेंढ्यांभोवती लावायची जाळी) आणि राखणीच्या कुत्र्यांमागे हाच विचार आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने विष घालणे हीसुद्धा शिकार ठरवली आणि महाराष्ट्रात वन्यप्राण्यांनी मारलेल्या पशुधनाची भरपाई वनखाते देते. ती वेळेवर मिळायला हवी, नाहीतर मेंढपाळाचा अशा कायद्यावर विश्वास बसणार नाही.

आयडाहोवासी:
सर्वांचे आभार. मग प्रत्यक्षात काय करावे?

माळकरी:
माळावर कुत्र्याला साखळीने बांधूनच न्या. विषाच्या धोक्याची पाटी दिसली की मागे फिरा. जमिनीतून वर आलेल्या कोणत्याही टोकाला हात लावू नका आणि मुलांनाही तसे बजावून ठेवा. भुकटी उडालीच, तर ताबडतोब ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून सायनाइडची शंका स्पष्टपणे सांगा. तुम्ही तेथील मतदार असाल, तर तुमच्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहा. सार्वजनिक जमिनींवर या उपकरणांना कायमची बंदी घालणारे, पोकाटेलोच्या त्या मुलाच्या नावाचे विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एकाहून अधिक वेळा मांडले गेले आहे. त्याला तुमच्या प्रतिनिधीचा पाठिंबा आहे का, हे पत्रात थेट विचारा.