प्रथमोपचाराची पेटी: ऐन वेळी काय कामाला आले आणि काय नाही?

म्हापसा, धागा सुरू करताना

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्या तळताना माझ्या धाकट्या जावेच्या मनगटावर उकळते तेल उडाले. औषधांच्या दुकानातून सहा वर्षांपूर्वी आणलेली तयार प्रथमोपचार पेटी स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर होती. स्टूल घेऊन ती खाली काढली, तेव्हा आतल्या चिकटपट्ट्यांचा गोंद पावसाळी दमटपणाने सुटला होता, कात्री गंजली होती आणि मलमाची मुदत कधीच संपून गेली होती. तोवर सासूबाई टूथपेस्ट घेऊन आल्या होत्या. शेजारी राहणाऱ्या निवृत्त परिचारिका वेळेवर धावून आल्या, म्हणून ती लावायची राहिली. त्यांनी सूज चढण्याआधी जावेच्या बांगड्या उतरवल्या, घड्याळ लावून २० मिनिटे तिचा हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायला लावला आणि नंतर भाजलेल्या जागेवर जखमेला न चिकटणारी स्वच्छ पट्टी सैलसर ठेवली. ती पट्टीही त्यांच्याच घरची होती. आमच्या पेटीतली एकही वस्तू त्या दिवशी कामाला आली नाही.

आपल्या पेटीतले काय खरोखर वापरले गेले, काय ऐन वेळी सापडले नाही आणि काय मुळात ठेवायलाच नको होते, हे प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवातून लिहावे, ही विनंती. याद्या कुठेही मिळतात, त्यामुळे प्रसंगासह लिहिल्यास अधिक उपयोग होईल.

सत्तरी, काजू बागायतदार

आमच्या बागायतीत मार्च ते मे या काळात काजू वेचायला माणसे येतात आणि माझी पेटी त्या हंगामाच्या हिशेबाने भरलेली असते. सत्तरीत २०१५पासून गोचीड चावल्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळू लागल्यावर गोचीड ही केवळ खाज सुटण्यापुरती गोष्ट राहिली नाही. रानात शिरण्यापूर्वी अंगाला लावायचे, गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल आरोग्य खात्याकडून मिळते. त्याची बाटली आणि बारीक टोकाचा चिमटा या दोन वस्तू मी सर्वांत वर ठेवतो. पूर्वी आम्ही चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल टाकायचो किंवा ती बोटांनी चिरडायचो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत हे आरोग्य केंद्रात समजले. गोचीड कातडीलगत चिमट्यात धरून सरळ वर ओढायची, जागा साबणाने धुवायची आणि तारीख वहीत लिहून ठेवायची. पुढे आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगता येते.

कच्च्या काजूच्या सालीतल्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून जाड हातमोजे आणि साबण हेही पेटीशेजारीच असतात. एका कामगार बाईंनी ते तेल लागलेला हात तसाच डोळ्याला लावला होता. तेव्हापासून डोळा धुण्यासाठी स्वच्छ पाण्याची एक बंद बाटली ठेवतो.

माझ्या वडिलांच्या पेटीत सर्पदंशासाठी एक ब्लेड आणि करकचून बांधायची रबरी नळी असे. त्या दोन्ही वस्तू मी फेकून दिल्या, आणि पेटीत काय भरावे यापेक्षा काय काढून टाकावे हे मला त्या दिवशी जास्त नीट कळले असे वाटते. तीन वर्षांपूर्वी पाचोळ्यात हात घातलेल्या एका कामगाराला साप चावला. साप कोणता ते कोणी पाहिले नव्हते. आम्ही त्याच्या बोटातली अंगठी काढली, हाताला बांबूची कांब लावून रुंद कापडी पट्टीने हात हलणार नाही असा, पण रक्त अडणार नाही इतपत बांधला, त्याला चालू दिले नाही आणि १०८ला फोन लावला. जखम कापली नाही, चोखली नाही. सर्पविषावरची लस रुग्णालयातच देतात आणि ती देताना रुग्णावर लक्ष ठेवावे लागते, त्यामुळे घरच्या पेटीचे काम एवढेच की माणूस तिथे शांतपणे आणि लवकर पोहोचावा. तो पोहोचला, आणि यंदाही तो कामाला होता.

काणकोण, रापणीवर जाणारा

वरच्या बंधूंचे चिमट्याबद्दलचे म्हणणे समुद्रकिनाऱ्यावरही लागू पडते. जाळे ओढताना शिंगाळा माशाचा काटा हातापायांत शिरणे आम्हाला नवे नाही, मात्र त्यावर सर्वांत उपयोगी वस्तू पेटीत मावत नाही. ती म्हणजे गरम पाण्याचा थर्मास. सोसेल इतक्या, म्हणजे साधारण ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात दुखरा भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की कळ बरीच उतरते. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने आधी पाहावे, कारण दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही आणि माझ्या भावाने याच घाईत स्वतःचा पाय पोळून घेतला होता. काटा खोल मोडला असेल तर तो आपण उकरू नये. त्यासाठी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्र गाठावे.

जेलीफिश लागल्यावर पर्यटक वाळू चोळतात किंवा पिण्याच्या पाण्याची बाटली ओततात. दोन्हींनी आग वाढते. समुद्राच्याच पाण्याने धुऊन उरलेले धागे चिमट्याने काढावेत. आपल्याकडे माडाच्या सुरेचे, म्हणजे माडीचे, विनेगर घरोघरी असते आणि तेच ओतण्याचा सल्लाही घरोघरी मिळतो. पण ते सगळ्या जातींवर चालत नाही, काहींवर त्याने उलट त्रास वाढतो.

फोंडा, दोन मुलांची आई

माझ्या पेटीत सर्व काही होते, तरी मी दोन चुका केल्या. मुलीला जुलाब झाले तेव्हा ओआरएसचे १ लिटरचे पाकीट मी थोडे थोडे करून पेल्यात कालवत राहिले. मोठे पाकीट एकाच वेळी पूर्ण १ लिटर पाण्यात आणि लहान पाकीट २०० मिलीलीटरमध्ये मिसळायचे असते, नाहीतर मिठाचे प्रमाण चुकते, हे बालरोगतज्ज्ञांनी दुसऱ्या दिवशी समजावले. कालवलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचे हेही तेव्हाच कळले. आता पेटीत लहान पाकिटे ठेवते आणि शेजारी २०० मिलीलीटरची खूण केलेला पेला.

दुसरी चूक पॅरासिटामॉलच्या बाटलीची. घरात सारख्याच रंगाच्या दोन बाटल्या होत्या, एकीत ५ मिलीलीटरमागे १२० मिलिग्रॅम औषध आणि दुसरीत २५०. धाकट्याला मी रात्री अर्धवट झोपेत दुसरीतले औषध पहिलीच्या मापाने दिले. सुदैवाने तो एकच डोस होता आणि डॉक्टरांनी वजन विचारून फोनवरच धीर दिला. तेव्हापासून घरात एकाच तीव्रतेची बाटली असते, मापाला चमचा नव्हे तर सुई नसलेली सिरिंज असते, आणि झाकणाच्या आत मुलांची वजने पेन्सिलीने लिहिलेली असतात. ती दर सहा महिन्यांनी खोडून बदलते. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय असेल तर आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन द्यायचे नसते, म्हणून मुलांच्या पेटीतून ती दोन्ही औषधे मी काढून वेगळीकडे ठेवली आहेत.

दिवाडी, आईवडिलांसह राहणारा

बेटावर राहणाऱ्याच्या पेटीत फेरीबोटीचे वेळापत्रक असायला हवे, असे मी अर्धे थट्टेने म्हणतो. वडील रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात आणि एका रात्री त्यांच्या नाकातून रक्त थांबेना. आई त्यांचे डोके मागे करत होती. मी त्यांना पुढे वाकवून बसवले आणि नाकाचा मऊ भाग सलग १५ मिनिटे दाबून धरला, मध्ये सोडून न पाहता. थेंब कमी झाले, तरी आम्ही बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे डॉक्टरांनी आधी विचारले की गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची आणि शेवटची कधी घेतली. मला एकाचेही उत्तर देता आले नाही, कारण औषधांची पाने घरीच राहिली होती. आता दोघांच्या औषधांची नावे, मात्रा, ॲलर्जी आणि रक्तगट लिहिलेले कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत सर्वांत वर ठेवले आहे, त्याचा फोटो बहिणीकडेही आहे. सोबत एक विजेरी असते, कारण दोनदा वीज गेलेली असतानाच पेटी लागली.

डिचोली, शिक्षिका

शाळेच्या पेटीत आयोडीनच्या बाटल्याच बाटल्या आणि हातमोजे मात्र एकही नाहीत, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. आम्ही मोजे, त्रिकोणी पट्ट्या, सॅनिटरी पॅड आणि भरपूर गॉज ठेवतो. खरचटलेल्या गुडघ्याला बहुतेक वेळा साबण आणि पाणी पुरते. कुत्रा चावल्यावरही आधी १५ मिनिटे साबणाने धुणे आणि मग त्याच दिवशी लस, हे मुलांना आम्ही पाठच करून घेतले आहे.

मोले, पावसाळी पदभ्रमंती करणारा

जळवांबद्दल थोडेसेच. मीठ किंवा तंबाखू टाकू नये, नखाने किंवा कडक कागदाने तिचे तोंड बाजूला सरकवावे. नंतर रक्त बराच वेळ वाहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. त्यासाठी दाबून ठेवायला गॉज हवे, घाबरायला नको. पावसात कोणतीही चिकटपट्टी टिकत नाही, कापडी पट्टी आणि गाठ टिकते.

म्हापसा, धागा सुरू करणारी

सर्वांचे लेखन वाचून काल जुनी पेटी रिकामी केली. गंजलेली कात्री आणि मुदत संपलेले सर्व काही गेले. औषधे आता घट्ट झाकणाच्या बिस्किटांच्या डब्यात, नळाशेजारच्या फडताळात, मुलांचा हात पोहोचणार नाही पण माझा पोहोचेल अशा उंचीवर आहेत. कार्ड लिहायला बसले तेव्हा सासूबाईंना स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगता आले नाही. त्या म्हणाल्या, "ती पांढरी, सकाळची." पाकीट शोधून नाव लिहून घेतले आणि कार्डावर पुढे कंसात "पांढरी, सकाळची" असेही लिहिले.